निजलेल्या नदीला ओलांडू नये

सायकलच्या दांडीवर पाण्याची बाटली ठेवायला एक होल्डर असतो. त्यात मुळा अगदी चपखल बसतो, दुधी जरा घट्ट होतो आणि भरताचं वांगं काही केल्या टिकत नाही, पहिल्याच खड्ड्याला उडून पडतं. हे ज्ञान मला आबांमुळे मिळालं. आबांच्या सायकलला असे दोन होल्डर होते आणि त्यांत बाटली कधी नसायची. सकाळी जळगावातून निघताना ते रिकामे असायचे, दुपारी परत येताना कुठल्या ना कुठल्या गावची भाजी त्यात खोचलेली असायची.

आबा माझे कुणी लागत नव्हते. मी बँकेतली, बदलीवर जळगावात आलेली बाई. साखर उंबरठ्यावर आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर घाबरून सायकल घेतली आणि रविवारच्या एका सायकल ग्रुपात शिरले. त्या ग्रुपात आबा सगळ्यांत वयस्कर. सत्तरीला टेकलेले, काटकुळे, अंगात इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट, गळ्यात शेतकऱ्यांचा मोठा बागायती रुमाल, आणि हेल्मेटच्या आत टोपी. हो, पांढरी टोपी घालून तिच्यावर हेल्मेट. उघड्या डोक्याने गावात शिरणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हेल्मेट म्हणजे डोकं झाकणं नव्हे, ती नुसती वस्तू!

सायकल मात्र भारी होती. मुलीने हौसेने घेऊन दिलेली, परदेशी बनावटीची, दोन बोटांवर उचलली जाईल अशी. आबांनी तिला आल्या आल्या कॅरिअर लावला, मडगार्ड लावली, मोठी घंटी लावली आणि दणदणीत लोखंडी स्टँड लावला. दुकानदार म्हणे रडायच्या बेताला आला होता. "आबा, हिचं वजन चिमूटभर कमी करायला लोक जिवाचं रान करतात," असं तो म्हणाला, तर आबांनी त्याला विचारलं, "मग उभी कुठं करायची? लोकांच्या भिंतीला टेकवून ठेवू, उधारीवर आल्यासारखी?" त्यांच्या मते ज्या सायकलला स्टँड नाही ती सायकल कुणाकडे पाहुणी म्हणून जाऊ शकत नाही. आणि पाहुणी म्हणून जायचं नसेल तर सायकल हवी कशाला?

माझी त्यांची पहिली गाठ भांडणाने पडली. बांभोरीजवळ गिरणेचा पूल आहे. माझी ग्रुपाबरोबरची पहिलीच फेरी होती. वारा पाठीशी होता, पाय चालत होते, मी झोकात पूल पार केला आणि पलीकडे जाऊन वळून पाहते तर मागे कुणीच नाही. सगळी मंडळी सायकली हातात धरून पुलाच्या कडेकडेने चालत येत होती, लग्नाला निघालेल्या वऱ्हाडासारखी. पुढे आबा.

जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, परत जा."

"का? माझं काही पडलं का?"

"नाही. तुम्ही तिला ओलांडलंत."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीने खाली दाखवलं. "लहानपणी आईने शिकवलं असेल ना? निजलेल्या माणसाला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते. आणि चुकून ओलांडलंच, तर उलटं ओलांडून परत यायचं. मग फिटतं. नदीपण निजलेलीच असते. तिच्या अंगावरून भुर्रकन गाडी नेऊ नये. उतरून, चालत जावं."

मी चिडले. पन्नाशीला आलेली बाई मी, मला भर हायवेवर एक अनोळखी म्हातारा शाळकरी पोरीसारखं परत पाठवत होता. पण सगळे थांबले होते आणि नाश्ता पुढे होता, त्यामुळे गेले. श्रद्धेने वगैरे नाही. सायकलने पूल उलटा पार केला, उतरले आणि फणफणत चालत परत आले. रोज बसमधून या पुलावरून जाणारी मी, पण गिरणा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वाळू उपसून पडलेले खड्डे, मधे पाण्याची एक बारीक धार, धारेत बसलेल्या म्हशी. आबा कठड्याशी उभे होते.

"बघा," ते म्हणाले, "इतकी वर्षं इतक्या गाड्या ओलांडून गेल्या. एकाने उलटं ओलांडलं नाही. खुंटली वाढ."

मी हसले. ते हसले नाहीत. हा माणूस थट्टा करतोय की खरंच तसं मानतोय, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढे चार वर्षं त्यांच्याबरोबर सायकल चालवूनही नीटसं कळलं नाही. आता माझी बदली कोल्हापूरला झाली आहे. इथेही मी सायकलवाल्यांबरोबर जाते. पंचगंगेच्या पुलावर उतरते, तेव्हा लोक काळजीने विचारतात, पंक्चर का? मी चेन उतरली म्हणून सांगते. आबा इथे असते तर त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं असतं. माझी तेवढी छाती नाही.

पाण्याचा नियम याहून कडक होता. आबा पाणी बरोबर नेत नसत, मागून पीत. तहान लागली की जे पहिलं घर दिसेल त्याच्या अंगणात स्टँड लावायचा आणि हाक मारायची, "पाणी मिळेल का हो?" बाटली बाळगणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "बाटली घेतली की गावं नुसती मागे पडतात," म्हणायचे. "मग रस्ता काय आणि घरातली व्यायामाची सायकल काय!"

आता खानदेशात पाणी मागितलं की नुसतं पाणी मिळतं असं ज्याला वाटतं त्याने ते मागून पाहिलेलं नाही. तांब्याच्या मागून चहा येतो. चहाच्या मागून "आते जेवण करीच जा" येतं. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर शेवभाजी, आणि हातावर पाणी पडेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो. आबांनी कुणालाही नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाणी मागितलं की ओळख होते, चहा घेतला की नातं होतं, जेवलं की उशीर होतो." शेवटचा भाग ते अगदी समाधानाने म्हणायचे. गंमत म्हणजे हा माणूस वरणगावच्या फॅक्टरीत टाइम ऑफिसात होता. उभा जन्म दुसऱ्यांचा उशीर पकडण्यात गेला. निवृत्त झाल्यावर म्हणे त्यांनी पहिल्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढून देवघरात ठेवलं आणि हात जोडले.

जळगावहून विदगावला तापी पार केली की धानोरा, अडावद, चोपडा, आणि पुढे अनेर नदी ओलांडून शिरपूर, हा त्यांचा लाडका रस्ता. डाव्या हाताला केळीच्या बागा, उजव्या हाताला लांबवर सातपुडा. त्यांचं मूळ गाव शिरपूरकडचं, त्यामुळे चोपडा मागे पडला की त्यांची बोलीही बदलायची. आमच्याशी सरळ मराठी, अंगणातल्या बाईशी अहिराणी. या रस्त्यावरची निम्मी घरं त्यांना ओळखत होती. ते निरोप न्यायचे. अडावदच्या बाईने चोपड्याच्या पलीकडे दिलेल्या लेकीसाठी लिंबाचं लोणचं द्यायचं, लेकीने येताना आबांच्या होल्डरात मुळा खोचायचा. मी एकदा म्हटलं, आबा, आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, निरोप कशाला? तर म्हणाले, "मोबाइलवर पोर 'बरी आहे' म्हणते. मी जाऊन बघतो, ती बरी आहे का ते."

आमच्यातल्या तरण्याबांड मंडळींना वर्षातून एकदोनदा ब्रेव्हेचं वारं लागायचं. ब्रेव्हे म्हणजे दोनशे किलोमीटरची फेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची. पहिला नंबर वगैरे काही नाही, वेळेत पोचलं की झालं. मूळची फ्रान्समधली पद्धत. एकाने मोबाइलवर तिकडची फिल्म आणली होती. हिरवा मुलूख, वळणं घेत जाणारी नदी, दगडी पूल, टुमदार गावं आणि त्यातून सरसर जाणारे सायकलवाले. आम्ही आ वासून बघत होतो. आबांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "गावं छान आहेत. पण माणसं कुठं आहेत? बठ्ठं गाव लग्नाला गयं का काय?"

आबा दरवेळी त्या ब्रेव्हेत नाव द्यायचे आणि एकदाही वेळेत पोचायचे नाहीत. कधी अडावदला बारसं निघायचं, कधी अनेरच्या पुलावर कुणी भेटायचं. आम्ही मेडलं गळ्यात घालून फोटो काढून घरी गेल्यावर कधीतरी ते येत, कॅरिअरला केळ्याची फणी बांधलेली. नावासमोर दरवर्षी 'वेळेबाहेर' असं लागायचं. टाइम ऑफिसातल्या माणसाला हे लागत नसेल का? नसावं. लागलं असतं तर चेहऱ्यावर दिसलं असतं, आबांचा चेहरा काही लपवणारा नव्हता.

मग एका वैशाखात ते पडले.

झालं असं, की ते एकटेच सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका लहान गावाकडे गेले होते. ऊन मी म्हणत होतं. गावात शिरून त्यांनी एका अंगणात स्टँड लावला, हाक मारली. कुलूप. दुसरं घर, कुलूप. तिसरं घर, कुलूप. सगळं गाव लग्नाला गेलं होतं. फिल्म बघून थट्टा केली होती, ती अशी समोर उभी राहिली. बरं, पारावर भरलेला रांजण होता. पण त्याला हात लावायचा तर कुणाला विचारणार? विचारल्याशिवाय पाणी घ्यायची या गृहस्थांना सवय नव्हती. पुढच्या गावात मागू म्हणून निघाले आणि वाटेत भोवळ येऊन कपाशीसाठी नांगरलेल्या रानात आडवे झाले. एका ट्रॅक्टरवाल्याने बघितलं म्हणून वाचले.

त्यांची मुलगी जळगावात दातांची डॉक्टर आहे. दातांची असली तरी तिचा हुकूम सगळ्या शरीरावर चालतो. आई गेल्यापासून वडील तिच्याकडेच. सलाइन लागलेल्या आबांच्या उशाशी ती दोन दिवस बसून होती आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, सायकल बंद."

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही लोक टाळ्या वाजवता. 'आबा म्हणजे आबा' म्हणून हसता. मला फोन येतो तेव्हा माझ्या हातात लोकांचे दात असतात. रानात कुणी बघितलं नसतं तर?" ती चुकत नव्हती. तिचे डोळे रडून सुजले होते.

सायकल जिन्याखाली गेली. आबा भांडले नाहीत, रुसले नाहीत. घरी बसले. मी दर रविवारी जायचे. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असत, समोर मुलीने भरून ठेवलेली पाण्याची बाटली. प्यायचे त्यातलं निमूटपणे. बोलणं मात्र कमी होत गेलं. पावसाळा लागला, तापीला पाणी आलं, मी त्यांना येऊन सांगितलं, तर "हो का" म्हणाले. नुसतं 'हो का'. किती आलं, रंग कसा आहे, काही नाही. मला त्यांच्या पडण्याची भीती वाटली नव्हती एवढी त्या 'हो का'ची वाटली. मुलीलाही ते दिसत होतं. खुर्चीत बसून वडील जगतील, पण कोणते वडील?

शेवटी तिनेच एक अट काढली. भाद्रपदात ब्रेव्हे होती, जळगाव ते शिरपूर आणि परत. "एकदा वेळेत पुरी करून दाखवा," ती म्हणाली, "बाटली बरोबर घ्यायची आणि कुणाच्याही घरी बसायचं नाही. जमलं तर शरीर धडधाकट आहे असं मी मानेन, सायकल तुमची. नाही जमलं तर सायकल देऊन टाकू, आणि पुन्हा विषय नाही." तिला खात्री होती की जमणार नाही. मलाही होती. इतकी वर्षं झालं नव्हतं, ते आजारातून उठलेल्या माणसाकडून होणार होतं का? आबा म्हणाले, "मंजूर."

दोन महिने त्यांनी सराव केला, मुलीच्या देखरेखीखाली, गावातल्या गावात. पण खरी तयारी वेगळीच चालली होती, ती मला उशिरा कळली. ब्रेव्हेच्या आधीच्या आठवड्यात आबा रोज सकाळी एसटीने जात होते. धानोऱ्याला उतरायचे, अडावदला उतरायचे, चोपड्याच्या पुढे जायचे आणि घरोघर जाऊन सांगायचे, "येत्या रविवारी मी तुमच्या दारावरून जाईन, पण थांबणार नाही. राग मानू नका. पोरीला शब्द दिलाय." दारावरून न थांबता जायचं म्हणजे अपमान, म्हणून आधी परवानगी काढायची! सायकलच्या फेरीसाठी एसटीने फिरून माफी मागणारा दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर असेल असं मला वाटत नाही.

ब्रेव्हेच्या दिवशी पहाटे पाचला ममुराबाद रस्त्यावरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारातून आम्ही निघालो. शेवटही तिथेच होता. मी ठरवलं होतं की या वर्षी माझी वेळ गेली खड्ड्यात, मी आबांच्या बरोबर राहणार. त्यांच्या होल्डरात पहिल्यांदा बाटली होती. निळी, प्लॅस्टिकची. ते तिच्याकडे न बघता पेडल मारत होते. तापीच्या पुलावर उतरलो, चाललो. अंधार होता, पाण्याचा नुसता आवाज येत होता.

धानोऱ्याला उजाडलं आणि मला पुढचं दिसलं. रस्त्याच्या कडेला बायका उभ्या होत्या, हातात तांबे घेऊन. मला वाटलं आता संपलं, बसवणार ह्या आबांना. आबांनी सवयीने ब्रेक दाबला तर एक म्हातारी ओरडली, "आबा, उतरू नका हो! चला, चला!" दुसरी धावत बरोबर आली, होल्डरातली बाटली तिनेच ओढून घेतली, तांब्यातलं पाणी ओतलं आणि परत खोचली. अडावदला तेच. चोपड्याच्या पुढे तर एका आजीबाई काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, आबा थांबले तर काठीने हाकलायला. "बठू नका आज," त्या म्हणाल्या, "तुमनी पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई. पानी ल्या नी चाला!" जन्मभर ज्यांनी या माणसाला बसवून घेतलं, ती सगळी गावं त्या दिवशी त्याला उठवायला रस्त्यावर आली होती. मी पुढे बघून सायकल चालवत होते, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं. आबा मात्र मोठ्याने घंटी वाजवत होते, प्रत्येक घरासमोर, एखाद्या देवळात वाजवावी तशी.

अनेरला उतरून चाललो, शिरपुरात शिरताना अरुणावती नदीला उतरून चाललो. वेळ हातात होता. शिरपूरला ब्रेव्हेच्या कार्डावर शिक्का घेतला, दोन घास खाल्ले, फिरलो. परतीला भादव्याचं ऊन तापलं. येताना अरुणावती आणि अनेर, दोन्हींवर पुन्हा चाललो. चोपड्याच्या अलीकडे आबांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. ट्यूब बदलेपर्यंत बराच वेळ गेला, आणि ते बसून उठले तसे त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले. वेग मंदावला. अडावद गेलं, धानोरा गेलं, ऊन कललं. मी सारखी घड्याळ बघत होते आणि आबांना सांगत नव्हते. त्यांनी विचारलंही नाही. टाइम ऑफिसवाल्याला सावलीवरून कळत असणार.

तापीचा पूल दिसला तेव्हा हिशेब अगदी सरळ होता. सायकलवर बसून गेलं तर पोचत होतो. उतरून चाललं तर नाही. पूल काही लहान नाही तो. आणि आबांच्या पोटऱ्या अशा, की एकदा उतरले तर पुन्हा बसता येईल याचाही भरवसा नव्हता.

पुलाच्या तोंडाशी त्यांनी पेडल थांबवलं.

"आबा, उतरू नका!" मी ओरडले. गावातल्या बायका ओरडल्या होत्या तशीच. "एक दिवस! एकच दिवस!"

ते थांबले. एक पाय जमिनीवर. खाली तापी दोन्ही काठ भरून, गढूळ, संथ. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका कावराबावरा मी कधी पाहिला नव्हता. माझ्यासाठी ती गोष्ट एका म्हाताऱ्याची लकब होती, त्यांच्यासाठी नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी ओरडले याचंच वाईट वाटलं.

"परत यावं लागेल," ते एवढंच म्हणाले, आणि पाय उचलून पेडलवर ठेवला. पूल पार होईपर्यंत ते मान खाली घालून होते. घंटी वाजवली नाही.

जिनिंगच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा थोडकी मिनिटं शिल्लक होती. टेबलामागच्या पोराने वेळ लिहिली आणि तो उठून ओरडला, "आबा वेळेत!" सगळे टाळ्या वाजवत धावले. डॉक्टरीणबाई टॉवेल आणि सरबताची बाटली घेऊन उभ्या होत्या. तिने आधी वडिलांची नाडी बघितली, मग डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, आणि मग तिथेच सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "ठेवा," ती म्हणाली, "ठेवा तुमची सायकल. जिंकलात तुम्ही."

आबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, सरबत प्यायले. पण सायकलचा स्टँड काही लावला नाही. एका हाताने ती धरूनच उभे होते.

"आता जरा जाऊन येतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"पुलावर. मी ओलांडलंय तिला. उलटं ओलांडून यायला पाहिजे."

"बाबा, दोनशे किलोमीटर झालेत! वेड लागलंय का? उद्या गाडीने नेते मी तुम्हाला."

"तुझी अट पाळली, बेटा. ही माझी आहे." मग अगदी हळू म्हणाले, "रातभर तशीच निजेल ती."

मला वाटलं आता स्फोट होणार. पण तिने पर्समधून स्कुटीची किल्ली काढली आणि म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी मागून येते." मीही सायकल फिरवली. पाय शिशाचे झाले होते, पण काय करणार, मीही ओलांडली होती.

आम्ही पूल उलटा पार केला. खाली पश्चिमेला तापीच्या पाण्यावर नुकत्याच बुडालेल्या सूर्याचा तांबूस उजेड उरला होता. पलीकडच्या टोकाला आबा उतरले, मी उतरले आणि आम्ही तोंड फिरवून चालायला लागलो. मागून स्कुटीचा आवाज येत होता, तो बंद झाला. वळून पाहते तर डॉक्टरीणबाईंनी ओढणी कमरेला खोचली होती आणि त्या स्कुटी ढकलत चालत येत होत्या. स्कुटी ढकलायला फार जड असते. कुणीही त्यांना सांगितलं नव्हतं.

पुलाच्या मध्यावर ती आबांच्या बरोबरीला आली. "इथून जाताना मनात काय म्हणता तुम्ही?" तिने विचारलं.

"काही नाही," आबा म्हणाले. "पाणी किती आहे ते बघतो." आणि मग बोलायलाच लागले. पाणी किती आहे, रंग कसा बदललाय, परवा वर पाऊस झाला असणार, पलीकडच्या बागेत पाणी शिरलं होतं की नाही. उन्हाळ्यापासून अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती मधेच एखादा प्रश्न विचारायची आणि ते पुन्हा सुरू व्हायचे.

पूल संपला. रस्त्याच्या कडेला विदगावचं पहिलं घर, अंगणात बाज टाकलेली. आबांच्या होल्डरातली निळी बाटली रिकामी होती, माझीही. डॉक्टरीणबाई घामाने निथळत होत्या. त्यांनी बापाकडे पाहिलं. आबा सायकल धरून उभे राहिले. मग तिनेच दोन पावलं अंगणात टाकली आणि जरा चाचरत हाक मारली, "मावशी, पाणी मिळेल का थोडं?"

आतून एक बाई तांब्या घेऊन आली. तिने आबांना पाहिलं, मग तिला पाहिलं. "आबांची पोर का तू?" ती म्हणाली. "उभी काय मग? बस ना वो माय, च्या मांडते."

कुणाच्याही घरी बसायचं नाही, ही अट काढणारी ती बाई. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने सगळं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला, ओढणीने तोंड पुसलं.

"साखर कमी टाका हं, मावशी," असं म्हणून ती बाजेवर बसली.

मग आबांनी सायकल स्टँडवर लावली.